‘देशाला विसरलास’ असं आई म्हणते तेव्हा

“मुलाने तिकडचं नागरिकत्व घेतलं, म्हणजे आता तो आपला राहिला नाही का?”

दादर-परळच्या पट्ट्यात समुपदेशन करताना हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो. विचारणारे बहुतेक साठीच्या पुढचे असतात. बोलतात पासपोर्टबद्दल, पण डोळे भरलेले असतात. नातेवाईकांकडून त्यांना ठरलेलं उत्तर मिळालेलं असतं: “अहो, नशीबवान आहात, मुलगा परदेशात सेटल झाला, रडता कशाला?” हे वाक्य मला अजिबात आवडत नाही. ते ऐकून माणसाचं दुःख कमी होत नाही. ते बोलून दाखवायची सोय तेवढी जाते.

अशाच एका घराबद्दल आज लिहिते आहे. घरच्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकू ६२ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. लालबागमध्ये जुन्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत काकांबरोबर राहतात. मुलगा आठ वर्षांपूर्वी टोरांटोला गेला. सून, सात वर्षांची नात, सगळे तिकडेच. जुलैत त्याने फोनवर सांगितलं की नागरिकत्वाचा अर्ज मंजूर झालाय, आता शपथविधीची तारीख येईल. काकू “बरं” म्हणाल्या. पुढे १५ ऑगस्टला सोसायटीच्या झेंडावंदनानंतर मुलांनी सावरकरांचं ‘सागरा प्राण तळमळला’ म्हटलं. काकूंनी आपल्या नोकरीत हेच गाणं कितीतरी वर्गांकडून बसवून घेतलेलं. त्या दिवशी मात्र त्या मधूनच उठल्या, घरी गेल्या आणि दार लावून घेतलं. त्यानंतर पहाटे तीनला जाग यायला लागली. जेवणावरची वासना गेली. मुलाचा फोन आला की शब्दाने शब्द वाढायचा. एका फोनवर त्या “देशाला विसरलास तू” म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. मग मुलगी त्यांना माझ्याकडे घेऊन आली.

पहिल्या भेटीत काकू रडल्या नाहीत. वर्गात मुद्दे सांगावेत तसे त्यांनी मला मुद्दे सांगितले. तो शपथ घेणार ती कुणाची? राजे चार्ल्स तिसरे यांची. “मॅडम, ज्या इंग्रजांमुळे त्या कवीला मायदेशी येता येत नव्हतं, त्याच गादीची शपथ माझा मुलगा घेणार.” दुसरं, नात शाळेत रोज सकाळी ‘ओ कॅनडा’ म्हणते. व्हिडिओ कॉलवर खेळता खेळता तेच गुणगुणते, ‘जन गण मन’ तिला अर्धंच येतं. तिसरा मुद्दा सांगताना मात्र आवाज हलला. नागरिकत्वासाठी पाच वर्षांत किमान १,०९५ दिवस प्रत्यक्ष कॅनडात राहिल्याचं दाखवावं लागतं. बाहेर काढलेले दिवस त्यात धरत नाहीत. “ह्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा तो दहा दिवस आला होता. म्हणजे आमच्या उशाशी बसलेले ते दिवस त्याला वजा झाले.”

हे मुद्दे मी खोडून काढले नाहीत, कारण त्यातलं काहीच खोटं नाही. ती शपथ ‘कॅनडाचे राजे’ म्हणून चार्ल्स यांच्याशी एकनिष्ठ राहण्याची असते. पण ज्या बाईने आयुष्यभर मुलांना हे गाणं शिकवलं तिला त्यातला फरक समजावून सांगून काय होणार? कायदाही मऊ करून सांगण्यात अर्थ नसतो. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की इथलं संपतं आणि पासपोर्ट परत करावा लागतो. त्यानंतर ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड घेता येतं. त्यावर आयुष्यभर व्हिसाशिवाय ये-जा करता येते, मतदान मात्र करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. एक दार खरंच बंद होतं. आईबापांना ते कळतं, आणि ‘काही फरक पडत नाही हो’ असं सांगणाऱ्यावर ते मग विश्वास ठेवत नाहीत.

पण काकूंचं बिनसलं ते जुलैत नाही, ऑगस्टमध्ये, गाणं ऐकल्यावर. मला तिकडे जायचं होतं.

गाण्याने मायदेशाच्या आठवणीत माणूस आजारी पडतो, हे फार जुनं निरीक्षण आहे. परमुलखात भाडोत्री सैनिक म्हणून गेलेल्या स्विस तरुणांबद्दल तत्त्वज्ञ रूसोने १७६८ च्या आपल्या संगीतकोशात लिहून ठेवलंय. गुराख्यांची एक साधी धून कानावर पडली की ते इतके व्याकूळ व्हायचे की सैन्यात ती वाजवायलाच बंदी होती. रूसोने पुढे जे म्हटलंय ते माझ्या कामाचं आहे. परक्या माणसावर त्या धुनेचा काहीच परिणाम होत नाही. तिथे संगीत संगीत म्हणून काम करत नाही, आठवणीची खूण म्हणून करतं. त्यामुळे देशभक्तिपर गाण्याने कुणी कोसळलं तर ‘देशाबद्दल काय वाटतं?’ हा माझा पहिला प्रश्न नसतो. कुठल्या ओळीला गळा दाटला, आणि तेव्हा डोळ्यांसमोर कोण होतं, हे मी विचारते.

काकूंना विचारलं तर म्हणाल्या, “सगळंच गाणं.” मग पंडित हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीतलं ते गाणं आम्ही दोघींनी एकत्र ऐकलं. गळा भरला की हात वर करायचा, एवढंच ठरलं होतं. ‘प्राण तळमळला’ला हात वर गेला नाही. मायभूमीच्या झोपडीची ओढ सांगणाऱ्या ओळींनाही नाही. हात वर गेला तो पहिल्याच कडव्यात. सागर म्हणतो, चल, दुसरे देश पाहू. आईच्या काळजात विरहाची शंका येते आणि सागर तिला वचन देतो की मी स्वतः याला पाठीवर नेईन आणि लवकर परत आणीन.

काकू बराच वेळ बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, “सहारला, एअरपोर्टच्या दारात, तो म्हणाला होता, आई, दोनच वर्षं.”

त्या दोन वर्षांची चार झाली, सहा झाली. त्यावर घरात कुणीही एकदासुद्धा बोललं नव्हतं. मुलगा विषय निघाला की “बघू” म्हणायचा आणि आई “बरं” म्हणायची. माणूस गेलाही नाही आणि जवळही नाही, अशा अधांतरी विरहाला पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासक ‘अँबिग्युअस लॉस’ म्हणतात. त्यांनी सुरुवातीला व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम केलं. त्यांचे स्वतःचे वडीलही स्वित्झर्लंड सोडून अमेरिकेत स्थायिक झालेले आणि गावाकडच्या ओढीने झुरणारे. अशा विरहात शोक सुरूच होत नाही, कारण संपलंय असं कुणी म्हणत नाही. काकूंच्या घरी तो आठ वर्षं थांबून राहिला होता, आणि बाहेर पडताना देशाचं नाव घेऊन पडला. ‘मला विसरलास’ असं त्यांना म्हणायचं होतं. पण आई म्हणून मुलाकडे स्वतःसाठी काही मागायची त्यांना सवयच नव्हती. देशासाठी मागायला संकोच वाटत नाही.

पुढच्या एका भेटीला काका आले. ते मूळचे देवगडकडचे. बायकोला गप्प करायला त्यांच्याकडे तयार उत्तर होतं: “आमचे आजोबा बोटीत बसून मुंबईला आले, गिरणीत लागले. तेव्हा कोण रडत बसलं?” आजोबा लालबागच्या चाळीत गावकऱ्यांच्या सामायिक खोलीत राहायचे. खानावळीत जेवायचं, पाळीप्रमाणे झोपायचं आणि महिन्याला गावी मनीऑर्डर करायची. मी काकांना विचारलं, “खरंच, कोण रडलं होतं?” ते हसत सांगायला लागले की पणजीची सगळे मस्करी करायचे. बोटीचा दिवस नसला तरी ती बंदरावर जाऊन खलाशांना विचारायची, “बोट इली काय?” एवढं सांगून काका थांबले. ही गोष्ट त्यांच्या घरात तीन पिढ्या विनोद म्हणूनच सांगितली गेली होती.

परळ-लालबागच्या मराठी घरांत हे मला फार दिसतं. आपण इथलेच, असं आपण म्हणतो आणि ते खरंही आहे. पण एक-दोन पिढ्या मागे गेलं की कुणीतरी हर्णै, जयगड, मालवण किंवा वेंगुर्ल्याहून पडावात बसून बोटीवर चढलेलं असतं, नाहीतर घाट उतरून आलेलं असतं. मुलाचं जाणं हा या घराण्यात पहिल्यांदा घडलेला प्रकार नाही, हे कळलं की आईबापांना जरा आधार मिळतो. तो मी त्यांना जरूर देते. पण त्याच्या पुढे जाऊन ‘दोन्ही सारखंच’ असं म्हणत नाही. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावी जायचा. सातबाऱ्यावर त्याचं नाव असायचं, गावकीत मान असायचा. टोरांटोच्या मुलाचं तसं नाही. काकांच्या मनात तर हीच टोचणी होती: हापूसच्या कलमांचं पुढे काय? त्यांना मी सांगितलं की शेतजमीन विकत घेता आली नाही तरी वारसाहक्काने ओसीआय मुलाकडे येऊ शकते. कागदपत्रं वकिलाला दाखवून घ्या. ते त्याच आठवड्यात जाऊन आले. काही माणसांची काळजी बोलून हलत नाही, कामाला लागल्यावर हलते.

मुलाशी व्हिडिओवर बोलणं झालं ते आपल्याकडे सकाळी, त्याच्याकडे रात्री. आईने गाण्याचं सांगितल्यावर तो म्हणाला, “मी ते गाणं लावतच नाही. विद्येच्या ओझ्याची ओळ येते ना, तिथे बंद करतो.” मायभूमीच्या कामी आली नाही तर ही विद्या म्हणजे फुकटचा भार, असं त्या कडव्यात म्हटलंय. तो सरकारी कॉलेजात, कमी फीमध्ये इंजिनिअर झालेला. काकू चकित झाल्या. एकाच गाण्यात दोघं दोन वेगळ्या ठिकाणी अडकली होती आणि एकमेकांना त्याचा पत्ता नव्हता.

त्याला मी एक गोष्ट सांगितली, आणि ती अशा प्रत्येक मुलामुलीला सांगते. हे गाणं १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर सुचलं. त्याच वर्षी सावरकरांच्या थोरल्या भावाला काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती आणि ऑगस्टमध्ये लंडनला मदनलाल धिंग्रा फाशी गेले होते. मायदेशी मोकळेपणाने परतायची वाट कवीला उरली नव्हती. पुढच्या वर्षी त्यांना परत आणलं गेलं ते कैदी म्हणून. त्या तळमळीशी आपलं नातं वाटणं साहजिक आहे, पण तुझी वाट कुणी अडवलेली नाही. तू निर्णय घेतला आहेस. निर्णय घेणाऱ्याला तो उच्चारावा लागतो. राहिली विद्येची बोच. ती मी पुसून टाकायचा प्रयत्न केला नाही. ज्यांच्या पैशावर शिकलो त्यांचं देणं लागतो असं वाटणं हा काही आजार नाही. त्याचं काय करायचं ते त्याने अजून ठरवलेलं नाही.

मग तो आईशी बोलला. म्हणाला, “आई, मी परत येईन असं मला आता वाटत नाही.”

काकूंनी विचारलं, “कधीपासून वाटत नाही?”

“ही शाळेत जायला लागली तेव्हापासून.”

“म्हणजे तीन वर्षं. मग तीन वर्षं मला ‘बघू’ का म्हणत होतास?”

त्यानंतर दोघं खूप रडली, भांडलीही. काका मध्ये पडायला गेले, त्यांना मी थांबवलं. आठ वर्षांत हे त्यांचं पहिलं खरं बोलणं होतं.

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असं चालू असेल तर माझं म्हणणं एवढंच आहे. मुलांनो, आईबापांना तारखा देऊ नका, खरं काय ते सांगा. ‘बघू’ हा शब्द आई वर्षानुवर्षं जपून ठेवते. आणि आईबाबांनो, ‘देश’ म्हणून बोलायच्या आधी, त्या जागी ‘मी’ घालून वाक्य म्हणून बघा. ते म्हणायला जड जात असेल तर बोलायचं नेमकं तेच असतं. झोप आणि भूक दोन आठवड्यांपेक्षा जास्त बिघडली, कशातच मन लागेना, तर गाण्यामुळे झालं असं म्हणून सोडून देऊ नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा नंबरही आहे, तिथे मराठीत बोलता येतं. काकूंना डॉक्टरांनी थोडे दिवस गोळ्या दिल्या होत्या आणि त्यांचा उपयोग झाला.

शपथविधी काकूंनी पाहिला नाही. मला जमणार नाही, असं त्यांनी मुलाला आधीच सांगितलं होतं आणि त्यानेही आग्रह धरला नाही. नातीला त्या आता रविवारी गाणी शिकवतात. ‘ओ कॅनडा’ चाललेलं असलं तर ते पूर्ण होऊ देतात आणि मग आपलं सुरू करतात. शेवटच्या भेटीत त्यांनी सांगितलं की त्या मुलाला म्हणाल्या, पुढच्या गणपतीला ये, आणि जमणार नसेल तर ‘बघू’ म्हणू नकोस, नाही म्हण. तो म्हणाला, “नाही जमणार आई, मे महिन्यात येतो, तिकीट काढतोय.” काकू दोन दिवस त्याच्यावर रागावल्या होत्या. त्या भांडणात देशाचा विषय निघाला नाही.