नाक चोंदलंय, पण आता सर्दीमुळे नाही

प्रश्न : डॉक्टर, मी हिशेब विभागात काम करते. सध्या ताळेबंदाची घाई आहे, रजा मागायची सोयच नाही. सर्दीला तिसरा आठवडा लागला. ताप पहिल्या दोन दिवसांतच उतरला, शिंकाही थांबल्या. पण नाक सतत चोंदलेलं असतं, घशात कफ उतरतो आणि सकाळी शेंबूड हिरवट येतो. पहिल्या दिवसापासून नाक मोकळं करणारा स्प्रे वापरते आहे, त्याच्याशिवाय आता झोपच लागत नाही. दुपारी सर्दीची गोळी घेते, डोकं जड झालं की वर पॅरासिटामॉल. सहकारी म्हणतात, अँटिबायोटिकचा कोर्स करून टाक. करू का? – एक वाचक

उत्तर : मनाने तर मुळीच नका करू. साधी सर्दी विषाणूंमुळे होते, त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. हिरव्या रंगाला सगळेच घाबरतात, पण तो रंग येतो आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका हिरवट विकरामुळे, म्हणजे एन्झाइममुळे. रात्रभर साचून राहिलेला शेंबूड सकाळी तसा दिसणारच. नुसत्या रंगावरून जंतुसंसर्ग ठरवता येत नाही.

तुमच्या पत्रात मी अडखळलो ते स्प्रेच्या वाक्याशी. साधी सर्दी बहुधा सात ते दहा दिवसांत आवरते, खोकला तेवढा आणखी आठवडा-दीड आठवडा रेंगाळतो. तुमचा ताप गेला, शिंका गेल्या, म्हणजे सर्दी बहुतेक केव्हाच गेली असावी. नाक चोंदवतोय तो स्प्रे, असा माझा दाट संशय आहे. बाटलीवर ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन लिहिलंय का बघा. ही औषधं नाकातल्या सुजलेल्या रक्तवाहिन्या आकसवतात आणि काही मिनिटांत श्वास मोकळा होतो. पण तीन ते पाच दिवसांपुढे वापरली, की अंमल उतरताच अस्तर आधीपेक्षा जास्त सुजतं. मग पुन्हा स्प्रे, पुन्हा सूज. सावकाराच्या व्याजासारखं आहे हे, फेडायला म्हणून नवं कर्ज काढत राहायचं.

सोडायचा कसा? एकदम बंद केलात तर दोन-चार रात्री तोंडाने श्वास घेत काढाव्या लागतील, आणि ताळेबंदाच्या धामधुमीत ते तुम्हाला झेपणार नाही. म्हणून आधी एकाच नाकपुडीत बंद करा. दुसरीत रात्री झोपण्यापुरता चालू ठेवा. पहिली आपली आपण मोकळी राहू लागली की दुसरीतलाही थांबवा. मधल्या काळात मिठाच्या पाण्याने नाक धुवा. पाणी उकळून गार केलेलंच हवं, थेट नळाचं नको. उशाला थोडी उंची द्या. शिंकरताना एकेक नाकपुडी, आणि जोर न लावता. सूज उतरवायला स्टेरॉइडचा नाकाचा स्प्रे मिळतो, त्याची सवय लागत नाही. पण तो डॉक्टरांनी तपासून दिलेला बरा, आणि त्याचा गुण यायला काही दिवस जातात.

आता गोळ्यांचं. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं. पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचा, वरून घेताय ती गोळी त्यात मिळवा. मोठ्या माणसाने चोवीस तासांत चार ग्रॅम ओलांडायचे नाहीत, यकृताचा प्रश्न असेल तर मर्यादा त्याहून कमी. याच गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असलं तर झापड येते. दुपारी आकडे डोळ्यांपुढे तरंगतात म्हणून तुम्ही सर्दीला बोल लावत असाल, तर एकदा इथेही शंका घ्या. नाक मोकळं करायला म्हणून त्यांत फिनाइलेफ्रिन घातलेलं असतं. पोटातून घेतल्यावर त्याचा उपयोग होत नाही, असं अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने 2023 मध्ये एकमताने सांगितलं. तरी लोक घेतच आहेत! रक्तदाब असणाऱ्यांनी तर अशी गोळी विचारल्याशिवाय घेऊच नये.

कामाबद्दल एकच सांगतो. रात्रीची झोप कापून फायली उपसू नका. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी पटकन जडते, हे लोकांच्या नाकात मुद्दाम विषाणू सोडून केलेल्या प्रयोगात दिसलं आहे. ही सर्दी संपतेय तोवर नवी नको.

माझा अंदाज चुकूही शकतो. सर्दी दहा दिवसांनंतरही तसूभर हलत नसेल तर तो सायनसचा संसर्ग असू शकतो. बरं वाटून पुन्हा ताप आला, वाकल्यावर गालाचं हाड किंवा वरचे दात ठणकू लागले, तर आठवड्याची वाट न पाहता दाखवून घ्या. दम लागणं, डोळ्याभोवती सूज, थुंकीत रक्त असेल तर त्याच दिवशी. खोकला तीन आठवड्यांपुढे गेला तर छातीही तपासून घ्या.

यातलं काही नसेल, तरी आठवडाभरात उतार पडला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाच. जाताना स्प्रेची बाटली पर्समध्ये टाका आणि केव्हापासून वापरताय ते आपणहून सांगा. नुसतं 'सर्दी हटत नाही' म्हणालात, तर आणखी एक सर्दीची गोळी हातात पडायची.