सिम्युलेटरवर हात बसवताना

दातांवरच्या कामाचा सराव देणाऱ्या, स्पर्शाची जाणीव देणाऱ्या सिम्युलेटरवर पहिल्यांदा बसाल, तेव्हा पडद्यावरच्या गुणांपेक्षा बोटांना काय जाणवते याकडे लक्ष द्या. मूग कंपनीने ॲम्स्टरडॅमच्या ‘ॲक्टा’ या दंतवैद्यक संस्थेबरोबर विकसित केलेल्या सिमोडाँटसारख्या यंत्रात हँडपीसला, म्हणजे दात कोरायच्या हातातल्या उपकरणाला, जोडलेल्या मोटारी तुमच्या हाताला विरोध करतात, आणि त्यामुळे एनॅमलचा (दाताच्या बाहेरच्या थराचा) कठीणपणा, डेंटिनचा (त्याखालच्या थराचा) त्याहून कमी विरोध आणि किडलेल्या भागाचा मऊपणा वेगवेगळा कळतो. हा फरक सहज ओळखू येईपर्यंत पुढच्या पाठाची घाई करू नका, कारण खऱ्या दाढेतली कीड काढताना कुठे थांबायचे हे ठरवण्यास हीच जाणीव मदत करते.

फिंगर रेस्ट, म्हणजे बोट टेकवून हाताला दिलेला आधार, पहिल्या दिवसापासून घ्या. सिम्युलेटरवर हलणारी जीभ नसते, लाळ नसते, घाबरून मान वळवणारा रुग्णही नसतो; म्हणून हात अधांतरी ठेवूनही काम जमल्यासारखे वाटते, आणि ती सवय पुढे धोकादायक ठरते. वरच्या दाढा आरशात पाहूनच करा, कितीही वेळ लागला तरी. प्लॅस्टिकचे दात वाया न घालवता तीच कॅव्हिटी (फिलिंगसाठीचा खड्डा) पुन्हा पुन्हा कोरता येते, ही या यंत्राची मोठी सोय आहे. तिचा उपयोग गुण वाढवण्यापेक्षा आपली चूक नेमकी कोणत्या भिंतीवर होते हे शोधण्यासाठी करा, असे मी आग्रहाने सांगेन.

फँटम हेडवरचा, म्हणजे प्लॅस्टिकचे दात बसवलेल्या डोक्याच्या प्रतिकृतीवरचा, सराव मात्र सोडू नका. पाण्याच्या फवाऱ्यात दिसेनासा होणारा दात, मॅट्रिक्स बँड (फिलिंग भरताना दाताभोवती लावायची पातळ पट्टी) बसवणे आणि फिलिंगचे साहित्य दाबून भरणे यांचा सराव तिथेच करा.