काकूंना विचारा : व्हिटनीसाठी रडावं का?

प्रिय काकू, जय ख्रिस्त.

मी मूळची नगरची, लग्नानंतर पुण्यात आले. पन्नाशी गाठली. जन्मभर नर्सिंग केलं, गेल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. मुलगा कॅनडात आहे.

मी अकरावीत असताना भावानं ‘द बॉडीगार्ड’ या सिनेमाची कॅसेट आणली आणि अमेरिकन गायिका व्हिटनी ह्यूस्टन आमच्या घरी राहायलाच आली. माझं इंग्रजी यथातथाच, म्हणून ऐकून ऐकून सगळे शब्द देवनागरीत वहीत उतरवले. त्याच कॅसेटवर ‘जीझस लव्ह्ज मी’ होतं. शब्बाथशाळेतलं, म्हणजे चर्चच्या रविवारच्या मुलांच्या वर्गातलं गाणं सिनेमाच्या कॅसेटवर आहे म्हटल्यावर आईचा विरोधही मावळला. मी गायला शिकले ती व्हिटनीमुळे. पुढे तरुण संघात, नाताळच्या कॅरोलला, लग्नांत पुष्कळ गायले.

२०१२ च्या फेब्रुवारीत ती गेली. आपल्याकडे बातमी आली तेव्हा रविवार सकाळ होती. उपासनेनंतर मी रडत होते. आमच्या चर्चच्या मंडळीतले एक वडील, म्हणजे ज्येष्ठ सभासद, म्हणाले, “नशेनं मेलेल्या बाईसाठी ख्रिस्ती मुलीनं रडू नये. तिनं देवाचं दान मातीत घातलं.” ते मनातून गेलंच नाही. पुढे ड्यूट्यांच्या निमित्तानं गाणं सुटत गेलं.

आता घर रिकामं आहे. जो तो म्हणतो, देवाची तुझ्यासाठी योजना आहे. कुठे आहे ती? माझा आवाजही वर चढत नाही. अजून तिचं गाणं लागलं की डोळे भरतात, आणि पाठोपाठ अपराधी वाटतं. हे दुःख चुकीचं आहे का? आणि माझ्या आयुष्याचा हेतू मी आता कुठे शोधू?

— एक वाचक, पुणे

काकू सांगतात :

काकू म्हणालीस ना, मग मी एकेरीवरच येते.

आधी त्या वडिलांचं बघू. ६ फेब्रुवारी २०२२ आठवतो? तोही रविवारच. सकाळीच लताबाई गेल्याची बातमी आली. आमच्या पाळकसाहेबांनी प्रार्थनेत त्यांचं नाव घेतलं. बायका पदरानं डोळे टिपत होत्या, मी पेटीवर बसून एक कडवं चक्क गाळलं, आणि कुणी हूं की चूं केलं नाही. लताबाई काही आपल्या मंडळीतल्या नव्हत्या. म्हणजे गाणाऱ्या माणसासाठी रडणं आपल्या लोकांना चालतं, उलट शोभतं. व्हिटनीच्या बाबतीत नडलं ते तिचं मरण.

तर त्या मरणाबद्दल आडपडदा नको. बेव्हर्ली हिल्सच्या हॉटेलात, ११ फेब्रुवारीला, बाथटबमध्ये ती सापडली. अपघाताने बुडून मृत्यू, असा तपासाचा निष्कर्ष होता. हृदयविकार आणि कोकेन ही त्याला हातभार लावणारी कारणं. वय ४८. व्यसनाबद्दल ती स्वतः २००९ मध्ये ऑप्रा विन्फ्रीसमोर बोलली होती, त्यामुळे आपण झाकाझाक करण्याचं कारण नाही. पण अगं, तू नर्स आहेस. रात्रपाळीला दारूनं यकृत गेलेला माणूस आला, तर सलाइन लावण्याआधी त्याच्या पापांची यादी मागितलीस का कधी? मग रडण्याआधी का मागायची?

तुझ्या प्रश्नाला शास्त्रात, म्हणजे बायबलात, नेमकी जागा आहे, आणि त्यावर प्रवचन मी तरी फारसं ऐकलेलं नाही. दुसरा शमुवेल, पहिला अध्याय. शौल राजा मेला आहे. हा शौल कोण? देवानं निवडलेला, अभिषेक झालेला, उंचापुरा, लोकांचा लाडका. पुढे मत्सरानं पोखरलेला, मन ताळ्यावर नसलेला. त्याला बरं वाटावं म्हणून दावीद, जो त्याच्यानंतर राजा झाला, वीणा वाजवायचा, आणि एकदा वाजवत असतानाच शौलानं त्याच्यावर भाला फेकला. शेवटी रणात हरल्यावर तो स्वतःच्याच तलवारीवर पडला. दाविदाला बोलायचंच असतं, तर शौलाविरुद्ध त्याच्याइतका पुरावा कुणापाशी होता? पण त्यानं विलापगीत रचलं आणि यहूदाच्या लोकांना ते शिकवा म्हणून सांगितलं. त्या गीतात भाल्याचा उल्लेख नाही. शौलाचा आत्मा कुठे गेला असेल, यावर एक शब्द नाही. आहे ते एवढं : इस्राएलाच्या कन्यांनो, शौलासाठी रडा, त्यानं तुम्हाला किरमिजी वस्त्रं नेसवली, तुमच्या अंगावर सोन्याचे दागिने घातले.

बघ, रडायला कुणाला सांगितलं? ज्यांना त्याच्याकडून काही मिळालं होतं त्यांना. नगरच्या एका अकरावीतल्या पोरीला व्हिटनीनं काय नेसवलं हे त्या वडिलांना कसं ठाऊक असणार! त्यांच्या हाती फक्त वर्तमानपत्रातली बातमी होती.

‘दान मातीत घातलं’ हेही मला पटत नाही. न्यू जर्सीतल्या न्यूअर्क गावी न्यू होप बॅप्टिस्ट चर्च आहे. तिथे अकरा वर्षांची असताना ती पहिल्यांदा एकटी उभी राहून स्तोत्र गायली. १९९६ मध्ये, प्रसिद्धीच्या शिखरावर असताना, तिनं जॉर्जियातल्या मोठ्या कॉयरबरोबर चर्चच्या गाण्यांचा अल्बम केला आणि तो अफाट खपला. ९ फेब्रुवारी २०१२ च्या रात्री, म्हणजे जाण्याच्या दोनच दिवस आधी, हॉलिवुडच्या एका क्लबात तिची मैत्रीण केली प्राइस गात होती. तिथे व्हिटनी स्टेजवर गेली आणि थोडंसंच गायली. लोकांसमोरचं तिचं शेवटचं गाणं ते. कुठलं होतं माहीत आहे? तुझ्या कॅसेटवरचंच, ‘जीझस लव्ह्ज मी’. आवाज तेव्हा पार फाटलेला होता. मी ती चित्रफीत पाहिली आहे, एकदाच, परत बघवली नाही. यावरून तिच्या तारणाचा निकाल मी लावणार नाही. तो लावायला आपल्याला कुणी बसवलेलं नाही, ना त्या वडिलांना, ना मला. पण दान मातीत गेलं असतं तर तुझी ती वही कुठून आली असती?

आणि थोडं खडूस बोलू? तू रडतेस ते सगळंच व्हिटनीसाठी नाही. त्यात अकरावीतली तू आहेस, कॅसेट आणणारा भाऊ आहे, दारात उभी राहून ऐकणारी आई आहे. रडू हे असं मिसळलेलंच येतं. त्यात अपराधी काय वाटायचं!

आता तुझा दुसरा प्रश्न. मला त्याचाच जरा राग येतो. तुझा नाही, तुला हा प्रश्न ज्यांनी दिला त्यांचा. ‘देवाची तुझ्यासाठी योजना आहे’ हे वाक्य बायबलातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायातल्या अकराव्या वचनातून येतं. आपण ते कॅलेंडरवर छापलं, वाढदिवसाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं, चहाच्या मगवरसुद्धा चढवलं. पण ते एका पत्रातलं वाक्य आहे, आणि पत्र सगळं वाचायचं असतं. यरुशलेमेतून धरून बाबेलला नेलेल्या लोकांना यिर्मयानं ते लिहिलं. त्यांना घाई होती, उद्या परवा घरी जायचं होतं. त्यानं काय लिहिलं? घरं बांधा, त्यांत राहा. बागा लावा, फळं खा. मुलांची लग्नं करा. ज्या शहरात आणून टाकलं आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. सुटका सत्तर वर्षांनी. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांना ती दिसणारच नव्हती! त्यांच्या वाट्याला योजना आली ती भाजीच्या वाफ्याएवढी. कुठेतरी तुझ्या नावाचा बंद लिफाफा पडला आहे आणि तो तुला सापडत नाही, असं समजून झुरू नकोस. वॉर्डात तू ज्यांच्या उशाशी उभी राहिलीस ती वर्षं काही योजनेची वाट पाहण्यात गेली नाहीत.

हेतू या विषयात मला व्हिटनीपेक्षा तिची आई अधिक शिकवते. सिसी ह्यूस्टन. लहानपणापासून भावंडांबरोबर चर्चमध्ये गाणारी. पुढे अरेथा फ्रँकलिन आणि एल्व्हिस प्रेस्ली यांच्या मागे उभी राहून तिनं साथ केली. मागे, बरं का. रेकॉर्डवर ऐकू येते, पण कव्हरवर दुसऱ्याचा फोटो. आणि याच्याच जोडीनं न्यू होपच्या तरुण मुलांचा कॉयर तिनं कित्येक दशकं चालवला. व्हिटनी त्या कॉयरमधली. जगाला ठाऊक झाली ती एक मुलगी, सिसी मात्र समोर उभ्या असलेल्या सगळ्यांनाच शिकवत होती. १९९० च्या दशकात तिला स्वतःला गॉस्पेलसाठी, म्हणजे चर्चच्या गाण्यांसाठी, दोनदा ग्रॅमी मिळालं, वयाच्या साठीनंतर. मग मुलगी गेली. तीन वर्षांनी नात बॉबी क्रिस्टिना गेली, अवघी बावीस वर्षांची. सिसी ९१ वर्षं जगली, ७ ऑक्टोबर २०२४ ला गेली. या बाईला कुणी योजनेचं वचन छापलेला मग भेट दिला असेल का, असा वाह्यात विचार माझ्या मनात येतो.

व्हिटनीचा अंत्यविधी त्याच चर्चमध्ये झाला, १८ फेब्रुवारीला. चार तासांच्या आसपास चालला. ‘द बॉडीगार्ड’मधला तिचा नायक केव्हिन कॉस्टनर बोलायला उभा राहिला. तोही बॅप्टिस्ट घरातला, तिथून त्यानं सुरुवात केली. आपण पुरेशा चांगल्या आहोत का, लोकांना आवडू का, ही शंका तिला कायम कुरतडायची, असं त्यानं सांगितलं. एवढ्या आवाजाची बाई! तेव्हा मोठं स्टेज मिळालं की हेतू सापडल्याची खात्री पटते, असं धरून चालू नकोस.

आता कामाचं बोलते. आवाज वर चढत नाही म्हणतेस. पन्नाशीत बाईचा आवाज उतरतोच, माझाही उतरला. पेटीवर काळी पाचचा हट्ट सोड, खालच्या पट्टीवर ये. सकाळी उठल्यावर थोडा खर्ज लाव, आठवडाभर स्वतःचाच आवाज परका वाटेल, वाटू दे. ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतसंग्रहातली रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं काढ. ती खालच्या पट्टीत जास्त खुलतात असं माझं ठाम मत आहे. ती ओरडून म्हणणाऱ्यांची मला कीव येते. व्हिटनीची गाणी गायचा मोह मात्र टाळ, ती भल्याभल्यांना पेलत नाहीत.

मग तुमच्या शब्बाथशाळेत जाऊन विचार, मुलांना गाणं कोण शिकवतं. बहुतेक ठिकाणी उत्तर ‘स्पीकर’ असं येतं. मोबाइलवर ट्रॅक लावायचा, मुलांनी त्यावर तोंड हलवायचं, आणि पेटी कपाटात कुलूपबंद. किल्ली कुणाकडे आहे हे शोधण्यातच दोन रविवार जातील. सुरुवातीला तीनचार पोरं येतील, त्यात एक हमखास बेसूर असेल. त्याला बाहेर काढू नकोस. सुरात गाणाऱ्याच्या शेजारी बसव, नाताळपर्यंत येतो सुरात.

दुसरं पत्र

काकू, माझी नात पंधरा वर्षांची आहे. ‘वन डायरेक्शन’ या बँडमधला गायक लियाम पेन वारला, त्याचा फोटो तिनं आमच्या घरातल्या क्रुसाशेजारी ठेवला आहे आणि दर १६ ऑक्टोबरला मेणबत्ती लावते. ही मूर्तिपूजा नाही का? आम्ही कॅथॉलिक आहोत.

— एक आजी, वसई

काकू सांगतात :

आजी, तुमच्याकडे फोटो आणि मेणबत्ती यांचं वावडं कधीपासून? गेलेल्यांसाठी मिस्सा सांगणारे तुम्ही लोक, आम्ही प्रॉटेस्टंट तेवढंही करत नाही. पोर त्याची पूजा करत नाही, त्याची आठवण कुठे ठेवावी हे तिला सुचेना, म्हणून घरातली सगळ्यात भरवशाची जागा तिनं निवडली. तो फक्त ३१ वर्षांचा होता. ब्यूनोस आयर्सच्या हॉटेलात तिसऱ्या मजल्यावरून पडला. त्याची शेवटची उपासनाही चर्चमध्येच झाली, इंग्लंडमधल्या अ‍ॅमरशॅम गावी, आणि बँडमधले उरलेले चौघे तिला आले होते.

फोटो क्रुसापासून वीतभर बाजूला सरकवा, तुमचंही समाधान होईल. नंतर तिच्याजवळ बसून म्हणा, मला त्याचं एक गाणं ऐकव. कानाला त्रास झाला तरी शेवटपर्यंत ऐका, मध्येच आमच्या वेळची गाणी काढू नका. त्याच्या नशेबद्दल ती स्वतःहून बोलली तर बोलू द्या. घरात या विषयाला तोंड फुटायला याहून बरी संधी मिळणार नाही. मात्र जेवण, झोप, शाळा यांवर आठवडेच्या आठवडे परिणाम दिसला, किंवा ती मरणाचं बोलू लागली, तर माझ्या उत्तराची वाट पाहू नका. डॉक्टरांकडे न्या, किंवा सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, पैसे पडत नाहीत.

आणि मेणबत्ती पडद्यापासून लांब ठेवायला सांगा.