रामटेकजवळ डिसेंबरात तंबू: पैसे कशावर घालायचे?

ताई, तुम्ही विचारलंय की डिसेंबरच्या शेवटी रामटेकजवळ नातेवाइकांच्या वावरात तुम्ही दोघं आणि दोन मुलं एक रात्र काढणार आहात, तर ऑनलाइन स्वस्तात दिसतोय तो चार जणांचा तंबू घ्यावा का, स्लीपिंग बॅगा लागतील का, आणि पुढेमागे तोच तंबू पेंचमध्ये लावता येईल का.

तंबू घ्या, पण सगळं बजेट त्यातच घालू नका. आपल्याकडे डिसेंबरात पावसाची भीती कमी. झोप मोडते ती जमिनीतून चढणाऱ्या गारठ्यानं आणि तंबूतल्या ओलाव्यानं. त्यामुळे आधी अंगाखाली काय घालणार ते ठरवा, तंबू नंतर.

नागपूरची थंडी लोक हसण्यावारी नेतात. २९ डिसेंबर २०१८ ला इथे पारा ३.५ अंशांवर उतरला होता, आणि तोही शहरातला. उघड्या वावरात गारठा आणखी जाणवतो. स्लीपिंग बॅगेतला कापूस किंवा फायबर फुगलेला असतो तेव्हाच ऊब धरतो. पाठीखाली तो दबून चपटा होतो आणि मग कितीही महागडी बॅग असली तरी खालून थंडी लागतेच. म्हणून प्रत्येकाला फोमची मॅट हवीच. रामटेक-मौद्याकडे धानाचं तणस (भाताचा वाळलेला पेंढा) सहज मिळतं. तंबूखाली त्याचा वीतभर थर पसरला तर फार फरक पडतो, बाप्पा! फक्त ते कोरडं आणि ताजं असावं. जुन्या गंजीत उंदीर असतात आणि त्यांच्यामागे साप येतात. तणस अंथरलं तर शेकोटीही चांगली लांब, वारा जिकडे जातो त्या बाजूला.

मॅट असली की मुलांसाठी बॅगा घ्यायची गरज नाही, घरच्या दुलया चालतील. तुम्हा दोघांसाठी घ्यायच्याच असतील तर लेबलवरचं 'कम्फर्ट' तापमान, म्हणजे जिथवर आरामात झोप लागते ते बघा, 'लिमिट' किंवा 'एक्स्ट्रीम' नाही. पाच अंशांच्या आसपास कम्फर्ट असलेली बॅग आपल्याकडे पुरते.

आता तंबू. चार जणांचा म्हणजे चौघं खांद्याला खांदा लावून आणि सामान गाडीत. दोन मुलं आहेत म्हणून निभेल. आत जाळीचा तंबू आणि वरून वेगळा फ्लाय, म्हणजे पाणी अडवणारं बाहेरचं कापड, असा दुहेरीच घ्या. निरभ्र रात्री फ्लायचं कापड हवेपेक्षाही थंड होतं, श्वासातली वाफ त्याला लागून पाणी होते, आणि एकेरी तंबूत तेच पाणी पहाटे पांघरुणावर टपकतं. लोकांना वाटतं तंबू गळतोय. थंडी वाजते म्हणून झरोके बंद केले की हा प्रकार वाढतो, तेव्हा ते उघडेच ठेवा. कापड पाण्याचा किती दाब अडवतं त्याचा लेबलवरचा आकडा २००० मिलिमीटर असला तरी पुरे, मात्र शिवणींवर आतून टेप हवी. फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीत कुठलाच स्वस्त तंबू टिकणार नाही, त्या दिवसांत हवामान बघूनच निघा.

तंबूसोबत येणाऱ्या खुंट्या तारेसारख्या असतात. मुरमात वाकतात, भेगाळलेल्या काळ्या मातीत धरत नाहीत. हार्डवेअरच्या दुकानातून जाड लोखंडी खुंट्या आणि एक हातोडी घ्या. खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेर झुकलेलं ठेवा. एकदा गच्चीवर तंबू उभारून बघा. तिथे खुंट्या ठोकता येत नाहीत, कोपऱ्यांवर विटा ठेवा.

जागा उजेडीच ठरवा. तळ्याकाठची खोलगट जागा दिसायला छान, पण गार हवा तिथेच साचते. थोडी उंचावरची जागा बरी. वावरात रानडुकरांसाठी झटका मशीनची (विजेचा झटका देणारी) तार कुठून जाते ते आधी विचारा आणि मुलांना दाखवून ठेवा. हे विसरू नका.

तळ शिवलेला आणि चेन नीट लागणारा तंबू हवा, तो मुख्यतः मण्यार या विषारी सापासाठी. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि चावा इतका बारीक असतो की कित्येकदा जागही येत नाही. चेन कायम बंद, बूट आत, रात्री बाहेर पडताना टॉर्च. पहाटे कुणाच्या पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळलं किंवा पोटात दुखायला लागलं तर खूण शोधत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. मुलांना गवतात लोळू देऊ नका. २०१८ मध्ये नागपुरात स्क्रब टायफस या तापाची साथ आली होती, आणि तो गवतातल्या बारीक किड्यांमुळेच होतो.

शेगडी किंवा कोळसा तंबूत न्यायचा नाही, विझत आलेलासुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. रोडगे-भरीत बाहेरच खा.

परत आल्यावर तंबू पूर्ण वाळवूनच गुंडाळा आणि उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत ठेवू नका. दमटपणानं आतला लेप चिकट होऊन सुटतो.

पेंचमध्ये आपला तंबू घेऊन जाऊन लावता येणार नाही, तो व्याघ्र प्रकल्प आहे. सिल्लारीकडे राहायची सोय आधी आरक्षित करून जा. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंचला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क (दिव्यांच्या उजेडापासून आकाश काळोखं राखलेली जागा) म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा मुलांना तारे दाखवायचे असतील तर तारीख अमावास्येच्या आसपासची धरा.