प्लेनो की फ्रिस्को? जुळे सोलापूरहून आलेल्या प्रश्नांना सविस्तर उत्तर

तुम्ही जुळे सोलापूरहून लिहिलंय. कंपनी अमेरिकेत, टेक्ससमधल्या डॅलस शहराच्या उत्तरेला, प्लेनो या उपनगरातल्या ऑफिसात पाठवतेय, बरोबर बायको आणि पहिलीत जाणारी मुलगी, नंतर आई-बाबा सहा महिने येणार, घरात सगळे शाकाहारी. विचारलंय की राहायला प्लेनो बरं की त्याच्या शेजारचं फ्रिस्को. शिवाय तिथलेच लोक म्हणतात, "जिकडे बघावं तिकडे तीच चेन हॉटेलं, तेच मॉल, गावाला चेहराच नाही," ते कितपत खरं. मी मूळची सोलापूरच्या साखर पेठेतली, आता बरीच वर्षं प्लेनोत आहे. उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

आधी निकाल सांगून टाकते. पहिलं वर्ष प्लेनोत, तेही जुन्या भागात, भाड्याने. चकचकीत नवीन वस्तीच्या मागे लागू नका.

आता ती "चेहरा नाही" वाली तक्रार. ती कोण करतं ते आधी बघा. माझ्या शेजारच्या आजी ऐंशीच्या दशकात इथे आल्या. तेव्हा त्यांच्या मागच्या कुंपणापलीकडे शेतं होती. १९६० साली प्लेनोची वस्ती चार हजारही नव्हती, २०२० च्या जनगणनेत ती २ लाख ८५ हजारांवर गेली. फ्रिस्को तर १९९० मध्ये सहा हजारांचं गाव, तीस वर्षांत दोन लाखांचं झालं. त्या आजींना प्रत्येक नवं हॉटेल म्हणजे एक शेत गेलं असंच दिसणार, आणि त्यांचं काही चूक नाही. दुसरे तक्रार करणारे म्हणजे खुद्द डॅलस शहरात राहणारे. उपनगरांना नावं ठेवणं हा त्यांचा छंदच आहे. आणि तिसरे आपलेच, जे शनिवारी दुपारी कॉस्टको या घाऊक मालाच्या दुकानात रांगेत उभे राहून सांगतात की अमेरिकेत काही मजा नाही.

पण चेन म्हटलं की नाक मुरडणारे हे लोक सगळ्याच चेनला नाक मुरडत नाहीत. एच-ई-बी ही टेक्ससचीच किराण्याची मोठी साखळी. २०२२ मध्ये तिचं दुकान फ्रिस्कोत आणि मग प्लेनोत उघडलं, तेव्हा लोकांनी रांगा लावल्या होत्या. चिलीज हे हॉटेल आज जगभर आहे, पण त्याचं पहिलं दुकान १९७५ मध्ये डॅलसमध्ये निघालं. सेव्हन-इलेव्हनची सुरुवात १९२७ ची, डॅलसमधल्याच बर्फाच्या वखारीतून. पिझ्झा हटचं मुख्यालय प्लेनोत आहे, बटाट्याचे वेफर्स विकणाऱ्या फ्रिटो-लेचंही इथेच. इथे राहून चेनच्या नावाने बोटं मोडणं म्हणजे सोलापूरच्या पूर्वभागात राहून मागाच्या खडखडाटाची तक्रार करण्यासारखं आहे. इथल्या कितीतरी घरांचा पगार त्यातूनच येतो.

मग सगळीकडे चेनच का दिसतात? याची कारणं दोन, आणि घर बघताना दोन्ही उपयोगी पडतील.

पहिलं कारण कराचं. टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही. त्यामुळे विक्रीकर आणि घरपट्टी यांच्यावरच गाडा चालतो. विक्रीकर सव्वाआठ टक्के, त्यातले सव्वासहा राज्याचे आणि जास्तीत जास्त दोन टक्के स्थानिक. आपल्याकडे महापालिका जकातीवर चालायची तेव्हा नाक्यावर ट्रक दिसला की जसा आनंद व्हायचा, तसा इथल्या नगरपालिकांना मॉल बघून होतो. त्या दोन टक्क्यांतला एक टक्का प्लेनो डार्ट या रेल्वे-बस सेवेला देतं. फ्रिस्को डार्टमध्ये नाही. ते हा एक टक्का अर्धा-अर्धा करून उद्योग आणि मोठे प्रकल्प आणायला वापरतं. डॅलस काउबॉइज या अमेरिकन फुटबॉल संघाचं मुख्यालय २०१६ मध्ये फ्रिस्कोत आलं, पीजीए या गोल्फच्या संघटनेचं २०२२ मध्ये, ते उगाच नाही. तुमच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की फ्रिस्कोत बघायला खूप आहे, पण आई-बाबांना गाडीशिवाय कुठे जायचं तर रेल्वे नाही. प्लेनोत निदान जुन्या डाउनटाउनला स्टेशन आहे.

दुसरं कारण गाळ्यांचं भाडं. नवा प्लाझा बांधायला बँकेचं कर्ज लागतं, आणि बँकेला भाडेकरू म्हणून मोठं नाव हवं असतं. शिवाय नव्या बांधकामाचं भाडं एखाद्या काकूंच्या पोळी-भाजी केंद्राला झेपणारं नसतं. म्हणून नव्या वस्तीत चौकाच्या चारही कोपऱ्यांना कॉफीची चेन, बँक, दाताचा दवाखाना आणि बर्गर. वीस-तीस वर्षं गेली, मोठा भाडेकरू निघून गेला, रंग उडाला, भाडं उतरलं, की मग त्या गाळ्यांत माणसं शिरतात. इथल्या तक्रारखोरांच्या लक्षात न येणारी गोष्ट ही. चेहरा हवा असेल तर तो जुन्या, थोड्या कळकट प्लाझात असतो.

माझ्या घराजवळच्याच प्लाझाचं सांगते. मधला सगळ्यात मोठा गाळा पूर्वी सुपरमार्केटचा होता, आता तिथे भारतीय किराणा आहे. आत शिरलं की डावीकडे मेथी आणि कढीपत्त्याचे ढीग, जुड्या उलटसुलट करून बघणाऱ्या बायका, मागे तेलगूत चाललेलं फोनवरचं भांडण. ते ऐकलं की मला सोलापूरच्या अशोक चौकात उभं असल्यासारखं वाटतं. शेजारी डोनटचं दुकान, मालक कंबोडियन. टेक्ससमध्ये डोनटची कितीतरी दुकानं कंबोडियन लोकांचीच आहेत. त्याच्या पलीकडे टॅक्स भरून देणारा, मग व्हिएतनामी नूडल्स, टोकाला शिवणकाम. रविवारी सकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही. या प्लाझाचा फोटो कुठल्याच बिल्डरच्या जाहिरातीत येणार नाही.

मॉलचंही तसंच आहे. प्लेनोतला कॉलिन क्रीक मॉल १९८१ मध्ये उघडला, तेव्हा आजूबाजूच्या गावांतून लोक बघायला यायचे म्हणतात. २०१९ मध्ये तो बंद झाला. फ्रिस्कोतला स्टोनब्रायर २००० सालचा, तो अजून भरलेला असतो. म्हणून "मॉल जवळ आहे" यासाठी महिन्याला जादा भाडं मोजू नका. आपली नवी पेठ डी-मार्ट आल्यावरही उभी आहे, कारण तिथल्या दुकानदाराला तुमच्या लग्नाच्या बस्त्यापासूनचा हिशेब माहीत असतो. इथे तसं नातं मॉलशी होत नाही, किराणावाल्याशी होतं.

आता थोडं इथल्या राजकारणाचं, कारण त्यात तुम्हीही येता. तुम्ही आधी अपार्टमेंटमध्ये राहणार. इथे बंगलेवाल्यांच्या सभेत "अपार्टमेंट" हा शब्द निघाला की वातावरण तापतं: ट्रॅफिक वाढेल, शाळा भरतील. प्लेनोने २०१५ मध्ये शहराचा नवा विकास आराखडा मंजूर केला. त्याने दाटी वाढेल म्हणून रहिवाशांनी सह्या गोळा केल्या, कोर्टात गेले, आणि २०२० मध्ये नगरपालिकेला तो मागे घ्यावा लागला. आणि पुढे काय झालं? २०२४ मध्ये प्लेनोच्या शाळा मंडळाने चार शाळा बंद करायचा निर्णय घेतला, कारण मुलंच कमी झाली. बंगल्यांतले लोक म्हातारे झाले, तरुणांना ती घरं परवडत नाहीत, ते आणखी उत्तरेला गेले. मी त्या सह्या करणाऱ्यांना वाईट म्हणत नाही, पण शाळा बंद झाल्यावर रडणारेही तेच होते हे मी बघितलंय. मुलीची शाळा निवडताना नुसते गुणांकन बघू नका, ती शाळा बंद होण्याच्या यादीत आहे का तेही विचारा. फ्रिस्कोतही एका माध्यमिक शाळेबाबत हेच झालंय, तेव्हा ते नवीन म्हणून सुरक्षित असं नाही.

ऑफिसातले सहकारी तुम्हाला आल्या आल्या सांगतील, "सेलायनाला जा, प्रिन्स्टनला जा, नवं घर स्वस्तात मिळतं." ही दोन्ही प्लेनोच्या पलीकडची गावं. सेलायना २०२३ मध्ये अमेरिकेत टक्केवारीने सर्वात वेगाने वाढलेलं शहर होतं, पुढच्या वर्षी तो मान प्रिन्स्टनला मिळाला. पण त्याच प्रिन्स्टनने २०२४ मध्ये नव्या घरांचे परवाने काही काळ थांबवले, कारण पाणी, सांडपाणी आणि रस्ते पुरेनात. आपल्याला यात नवल काय? सोलापूरच्या हद्दवाढ भागात आधी प्लॉट पडले, घरं झाली, आणि ड्रेनेज मागाहून चालत येत राहिलं. फरक एवढाच की इथे नगरपालिका उघडपणे "थांबा" म्हणाली. नळाला पाणी मात्र रोज आणि चोवीस तास येतं, उजनी धरणाच्या पाण्याची वाट बघण्याची सवय इथे लगेच सुटेल. फक्त हिरवळीला पाणी घालायचे वार ठरलेले असतात.

घर विकत घ्यायची घाई करू नका. इथली माती काळी, अगदी आपल्या बार्शी-मंगळवेढ्यासारखी. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि घराचा पाया त्याबरोबर हलतो. म्हणून लोक उन्हाळ्यात पायाभोवती नळी टाकून मातीला पाणी देतात! जुनं घर बघायला गेलात की दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यात तिरक्या भेगा आहेत का बघा. शिवाय घरपट्टी घराच्या किमतीच्या दोन टक्क्यांच्या आसपास, आणि तिचा मोठा हिस्सा शाळा मंडळाचा. "आयकर नाही" म्हणून नाचणाऱ्यांना हे घरपट्टीचं बिल आलं की कळतं.

खाण्याबद्दल. शाकाहारी माणसाला चेन हॉटेल कधी कधी बरं पडतं, कारण कशात काय आहे ते छापलेलं असतं. तरी दोन गोष्टी लक्षात ठेवा. मॅकडोनाल्ड्सचे बटाट्याचे फ्राइज भारतात शाकाहारी, इथे त्यात बीफचा स्वाद असतो. यावरून खटले झाले आणि २००२ मध्ये कंपनीने तडजोड केली, पण स्वाद काढला नाही. आणि छोट्या मेक्सिकन हॉटेलात वाटलेल्या घेवड्यात डुकराची चरबी असू शकते, विचारूनच मागवा. ऑलिव्ह गार्डन या इटालियन चेनचं मिनेस्ट्रोनी हे भाज्यांचं सूप चालतं. मेन्यूवरच्या दरावर सव्वाआठ टक्के कर आणि बसून खाल्लं तर अठरा-वीस टक्के टिप, म्हणजे पंधरा डॉलरची डिश एकोणीसला पडते. कच्च्या किराण्यावर कर नाही, म्हणून घरी स्वयंपाक करणारा इथे चांगली बचत करतो.

आई-बाबांचं खरं अवघड आहे, हॉटेलांचं नव्हे. सकाळी कंबर तलावाला फेरी मारून ओळखीच्या दहा माणसांशी बोलणाऱ्या माणसाला इथे फुटपाथवर कुत्रं फिरवणाऱ्याशिवाय कोणी भेटत नाही. म्हणून किराणा, ग्रंथालय आणि बाग या तिन्हींपैकी दोन तरी चालत पोचता येतील असंच अपार्टमेंट घ्या. नकाशावर अंतर अर्धा मैल दिसतं, पण मध्ये सहा पदरी रस्ता असतो. जुलै-ऑगस्टची चाळीस अंशांची गरमी सोलापूरकराला नवी नाही, सावली नसते याचा मात्र त्रास होतो. प्लेनोची ग्रंथालयं गार, फुकट, आणि तिथे बसलेल्या म्हाताऱ्यांना कोणी उठवत नाही. माझे सासरे तिथेच रमायचे.

बॅग भरताना: सोलापुरी चादर एखादीच आणा. अपार्टमेंटच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला बहुतेक ठिकाणी मनाई असते, आणि ओली चादर ड्रायरमध्ये एका फेरीत वाळत नाही. शेंगाचटणी आणि कडक भाकरी हवी तेवढी आणा, विमानतळावर कस्टम्सच्या अधिकाऱ्याला खायचे पदार्थ आहेत असं सांगा, लपवू नका. ज्वारीचं पीठ इथे मिळतं, पण पाकिटावरची तारीख बघूनच घ्या. शिळ्या पिठाची भाकरी थापताना चिरते आणि कडू लागते. मालदांडीची चव विसरा. टेक्ससमध्ये ज्वारी भरपूर पिकते, पण ती लाल, बहुतेक गुरांच्या पोटात जाते.

ऑफिसचा नेमका चौक कळला की कळवा. पंधरा मिनिटांच्या टापूतले दोन-तीन जुने प्लाझा आणि त्यांच्या मागची अपार्टमेंट्स सांगते. करार करायच्या आधी तिथे संध्याकाळी सहाला जा आणि पार्किंगमध्ये किती मुलं सायकली चालवताहेत ते बघा.