व्हेनिस बिएनालेला, म्हणजे इटलीतल्या व्हेनिस शहरात भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनाला, पहिल्यांदा जाताय?
मग जार्दिनी (बाग) आणि आर्सेनाले (जुनी जहाजगोदी) ही प्रदर्शनाची दोन मुख्य ठिकाणं एकाच दिवसात उरकायचा बेत आधी रद्द करा. साध्या तिकिटावर दोन्हीकडे एकेकदाच आत सोडतात, पण दिवस वेगळे असले तरी चालतात. आर्सेनालेतला जुना दोरखंडांचा कारखानाच ३०० मीटरहून लांब आहे. तिथं सकाळीच जा, व्हिडिओ दिसला की निवांत बसा, पायांनाही बरं. जार्दिनीत देशोदेशींची २९ दालनं. सगळी बघितलीच पाहिजेत असं कुणी सांगितलंय? रांग मोठी दिसली तर शेजारच्यात शिरा. शहरभर जुन्या वाड्यांत, चर्चमध्ये विखुरलेली प्रदर्शनं बहुतेक फुकट असतात आणि मला विचाराल तर खरी मजा तिथंच. सोमवारी बहुधा बंद, तेवढं बघून तिकीट काढा.