सायकल घेतली, आता आधी एवढंच सांभाळ

भाऊ, सेवाग्राम ते वर्धा आठेक किलोमीटर. रोज जा-ये केलीस की महिन्याभरात पाय तयार होतात. शर्यतीचं दिवाळीनंतर बघू.

आधी सीट. पॅडल अगदी खाली असताना त्यावर टाच टेकव, गुडघा सरळ झाला पाहिजे. नवीन पोरं सीट खाली ठेवतात नि गुडघे धरून बसतात.

मग बाभळीचे काटे! पंक्चर काढलं की टायरच्या आतून फडकं फिरव. धागा अडकला तिथे मोडकं टोक असतं. हे न बघता मी एका सकाळी दोन ट्यूब घालवल्या.

मे महिन्यात पारा ४५ गाठतो, तेव्हा उजाडायच्या आत निघ, तहान लागण्याआधी पाणी पी. आणि मागचा लाल दिवा आजच लाव.